चेंबरमधली ओटी

१२ जून १९९४, वरसे
आज सासरी आले. कुठे धरमतरच्या मिठागराकाठचं आमचं कुडाचं घर आणि कुठे हा पक्का बंगला! घरातच संडास, त्याला गुलाबी फरशा. काल-परवापर्यंत टमरेल घेऊन बांधावर जाणारी मी, आज उगाचच दोनदा आत जाऊन कडी लावून बसले. हे रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात, स्वभावाने अबोल. सासूबाई तोंडाने फटकळ. उंबरा ओलांडला नाही तोच म्हणाल्या, वर्षात पाळणा हलला पाहिजे. ह्यांच्या पहिल्या बायकोला, मैनाला, मूल झालं नाही. मग ती कुणाचा तरी हात धरून पळाली म्हणतात. मला काय त्याचं? तिचं नशीब तिच्यापाशी.

१९ जुलै
संडास तुंबायला लागलाय. भांड्यातून गुडगुड येते, मोरीतही घाण वास. मागे परसात सेप्टिक टाकी आहे. तिच्या झाकणावरच फरशी घालून टाकलीय, आणि फटींतून गवत असं माजलंय की म्हैस सोडावी. गंमत म्हणजे मी बादली ओतली की पाणी सरळ जातं, ह्यांनी ओतली की वर चढतं. मी हसले. हे हसले नाहीत. टाकी उपसायचं नाव काढलं की उठून जातात.

२९ सप्टेंबर
आता राहवलं नाही. हे शिफ्टला गेल्यावर टँकरवाल्या हिरामणला बोलावलं, आमच्याच गावचा आहे. म्हणाला, ही सगळी टाकी भरल्याची लक्षणं. भात, तेल, कापड आत जाऊ द्यायचं नाय, दोन-तीन वर्षांनी उपसायची. झाकण फरशीखाली पुरणाऱ्या गवंड्याचा त्याने बापही काढला. आणि बजावलं, "उघडलीस तरी कुणाला आत उतरू देव नको गो. वायूनं माणूस जागच्या जागी जातो."
मग संडासाबाहेरच्या चेंबरचं झाकण काढून त्याने कळकाची कामटी घातली. नासलेल्या तांदळाचा गोळा निघाला. त्यात हिरव्या बांगड्या, हळकुंड, एकावर एक कुजलेले खण. सगळ्यात वरचा खण अगदी कोरा.
आज अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना मेलेल्या सवाष्णीचा दिवस. पळून गेलेल्या बाईची ओटी आज कुणी भरत नाही.

३० सप्टेंबर
सासूबाईंना विचारलं. त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, गप राहा, तुलाही इथंच नांदायचंय.
परवा हिरामण टँकर आणणार हे कळल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. माझा दंड धरून सांगितलं, मैनासारखी नाक खुपसू नको, जागा दोघींना पुरेल.
आता मी त्याला अहोजाहो करणार नाही.
भांड्यातून गुडगुड थांबलीय. बांगड्या वाजतात.

१ ऑक्टोबर, दुपार
तो फरशी फोडतोय. टँकर यायच्या आत मैनाला पोत्यात भरायचंय त्याला. मला दोर धरायला उभी केली. विचारलं, हिरामण आणखी काय बोलला?
मी म्हटलं, काय नाय.
उतरला. खोकला. मग खोकला नाही. दोर खालून ओढला गेला — सावकाश — पुन्हा एकदा —
मी सोडला.
रडू यायला हवं. येत नाही. बरं वाटतंय. मैना, ऐकतेस ना, बरं वाटतंय —

तोच दिवस
मी परसदारच्या पायरीवर लिहितेय. सासूबाई संडासात आहेत. पाणी चढतंय — दाराखालून येतंय — त्या दार ठोकतायत. कडी बाहेरून लागलीय. मी लावलेली नाही.
आतून म्हणतात, "सरू, उघड गो. माझं काय चुकलं? दरसाल ओटी भरीत व्हते मी तिची."
परसापासून ओली पावलं — दारापर्यंत —
कडीवर हात. हिरव्या बांगड्या. दंडावर त्या कोऱ्या खणाची बाही —
ती वळली. माझ्याकडे बघते — भीती वाटते, फार वाटते — तरी मी दार उघडणार नाही — पायरीवर जरा सरकून तिला जागा दे—