सगर्भा कर्कटी

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७६

प्रिय दाक्षायणी,

रत्नागिरीच्या मच्छीमारांसाठी तू लिहिलेली कुर्ल्यांची पुस्तिका तपासून, तू सांगितलंस तशी परस्पर तिथल्या छापखान्याला धाडली, त्याला आज चार दिवस झाले. फक्त शुद्धलेखन बघा, असं तू लिहिलं होतंस.

पुस्तिका आवडली गं. मंद्रूपच्या ओढ्यातले काळे खेकडे तेवढे पाहिलेला मी. मला ते काव्यच वाटलं. पाठीवर तीन तांबडे ठिपके, पोहण्यासाठी मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे, आणि वाढायचं म्हटलं की जुनं कवच टाकून लोण्यासारखं मऊ व्हायचं. खाजणात बांध घालून पाळता येतील, पण मऊ पडलेल्याला बाकीचे खातात, म्हणून लपायला फुटकी मडकी ठेवा. हे सगळं तुला सांगितलं तुमच्या मत्स्यकेंद्रातल्या हिंदुराव सरांनी. सरांनी होडीतून नेलं, सरांनी नर-मादी ओळखायला शिकवलं, सर डब्यातली भाकरी वाटून खातात. तुझ्या मागच्या पत्रात मी मोजलं. सर अकरा वेळा, आप्पा एकदा, तेही खोकल्यापुरते.

मी चौथीला कविता शिकवायचो तेव्हा शाळेत नाव नसतानाही तू मागच्या बाकावर बसून ओठ हलवायचीस. घरी येताना सायकलच्या दांडीवर तीच कविता, तीच चाल. तुझा पहिला मास्तर मी होतो. आणि आता तू 'गाभोळी' लिहितेस, खेकडीच्या पोटातल्या अंड्यांसाठी सरांनी कोळणींकडून गोळा केलेला शब्द! आपल्या लिंगायताच्या घरात अंड्याचं नावही कुणी काढत नाही.

तो शब्दच मला डाचला. तुझं वाक्य होतं, 'गाभोळीची कुर्ली जाळ्यात आली तर पाण्यात सोडा.' मी केलं, 'सगर्भा कर्कटी सागरास अर्पावी.' असंच अनेक ठिकाणी. काय नाद आहे म्हणून दोनदा मोठ्यानं म्हटलं. काल आपले संस्कृतवाले सिद्धलिंगप्पा मास्तर आले, त्यांना मोठ्या ऐटीत कच्चा कागद दाखवला. ते पोट धरून हसले. "अहो रेवणसिद्ध मास्तर, कर्कटी म्हणजे काकडी की वो! कोळ्यांनी आता गरवार काकड्या समुद्रात सोडायच्या व्हय?"

मीही हसलो. मग हसू गेलं. वाचणाऱ्याला कळलंच नाही तर अंड्यांसकट कुर्ल्या बाजारात जाणार आणि तुझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

छपाई थांबवायची तार तुला आत्ताच करून आलो. नुसती काकडीची चूक असती तर तारेत भागलं असतं. पण पहिल्या पानावर तू लिहिलं होतंस, 'माझे गुरू हिंदुराव सर यांस.' ती ओळ मी खोडली. ती हातून झालेली चूक नव्हती, दाक्षायणी. हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. तुझे सगळे शब्द जसेच्या तसे ठेव. ती ओळ सोबतच्या कागदावर पुन्हा लिहून पाठवतो आहे. चार कागद फाडले, पाचवा बरा आला. मनापासून लिहिली असं म्हणवत नाही, पण 'गुरू'तला रू दीर्घ आहे, तेवढा तपासलाय.

तुझाच,
आप्पा