हौसेची गाडी

आप्पा, मी एक ट्रक घेतला आहे आणि त्यातून मी काहीही वाहून नेत नाही. ना कापडाचे तागे, ना वाळू, ना कुणाचं घरसामान. तुम्ही मालकाचा चालवायचात तसाच, पुढे लांब नाक असलेला, जुन्या बांधणीचा. तुमचा नव्हे. तुमचा तर कधीच भंगारात तोडला गेला, हे मला ठाऊक आहे. हा सुरतेबाहेर पलसाण्याला, कापड रंगवणाऱ्या एका बंद पडलेल्या डाइंग मिलच्या मागे उभा होता. हौद्यात बाभूळ उगवली होती आणि केबिनमध्ये कुत्रीनं पिल्लं घातली होती. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबले, मग बाभूळ तोडली आणि ट्रक क्रेननं उचलून आणला. गाडी कशासाठी घेतली, असं सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, हौस म्हणून. हा शब्द तुम्हाला झोंबणार, म्हणूनच तो पहिल्याच परिच्छेदात लिहिते आहे.

भाऊ आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, तुनं डोकं फिरी गयं का? लेवानंच व्हतं ते टेम्पो लेती, भाडं तरी उनं आसतं." घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे तर घोडं मीच आणून दारात बांधलं होतं. पण इच्छापोरच्या कारखान्यात मी वेल्डिंग तपासायचं काम करते, आठवडाभर दुसऱ्यांच्या सांध्यांमधल्या चुका शोधते. रविवार माझा आहे. केबिनचा खालचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता, तो मी स्वतः कापला आणि नवा जोडला. इंजिनाला मात्र हात लावला नाही. त्यासाठी एक म्हातारा सुरती मिस्त्री मिळाला, तो तासन् तास त्या इंजिनाशीच बोलतो आणि माझ्याशी गरजेपुरतं. बाकी सजावट माझी. कापड विणणारे जुने लूम भंगारात निघाले तेव्हा तिथून लाकडी धोटे उचलून आणले होते, लूमवर इकडून तिकडे धावणारे, दोन्ही टोकांना पितळ बसवलेले. दाराच्या आतल्या मुठी त्यांच्याच केल्या. गिअरच्या दांड्यावरही एक बसवला. मिस्त्री म्हणाला, "बेन, आ तो लूमनुं छे. गाडीमां एनुं शुं काम?" मी म्हटलं, काका, माझी आई जन्मभर धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या भरत होती, आणि माझे वडील गाडी चालवत होते. दोन्ही एकदा एका जागी येऊ देत की. त्यानं मान हलवली आणि पाना उचलला.

तुमच्या केबिनमध्ये मी किती वेळा बसले असेन, आप्पा. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला क्लीनरच्या बाजूला बसवायचात. नवागामच्या आपल्या खोलीत आई भाकरी थापते आहे, तुम्ही उकिडवे बसून चार घासांत जेवता, हात धुता, तरी त्या हातांना डिझेलचा वास येतोच. मग आपण निघतो. लूमच्या कारखान्यांतून कोरं कापड भरायचं आणि पलसाण्याला रंगायला टाकायचं. उधन्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की तुमचं तोंड जरा सैल व्हायचं. उन्हाळ्यात माझ्या बाजूच्या काचेतून ऊन थेट अंगावर यायचं. एक दिवस तुम्ही कुठूनतरी साडीच्या लाल काठाचा तुकडा आणलात, जरीची नक्षी असलेला, आणि काचेवर दोन खिळ्यांना बांधलात. "ऊन लागी तुले," एवढंच म्हणालात. त्या काठातून उजेड लाल होऊन माझ्या हातावर पडायचा. त्याहून भारी भेट मला आजवर कुणी दिलेली नाही, नवऱ्यानं दिलेलं मंगळसूत्र धरून. त्याला हे माहीत आहे.

आणि मग ती जयंती. मी सातवीत होते. आदल्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी निळ्या कागदाच्या पताका केल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या मी मागून घेतल्या. तुम्हाला सुट्टी नव्हती. दसऱ्याला मालक स्वतः गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा, सगळ्या ड्रायव्हरांना पेढे द्यायचा. जयंतीला मात्र माल भरायचा. मी सकाळी लवकर उठून तुमच्या ट्रकच्या नाकावर, आरशांना, पुढच्या जाळीला, सगळीकडे पताका बांधल्या. तुम्ही आलात, बघितलंत आणि गाडी सुरू केलीत. मला वाटलं, आवडलं. नवागाममधून आपण तसेच निघालो. लोक हात करत होते, एका म्हाताऱ्यानं वाकून नमस्कार केला, आणि मी काचेबाहेर डोकं काढून हसत होते. मालकाच्या गोदामाच्या अलीकडच्या वळणावर तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. उतरलात. एकेक पताका तोडलीत, चुरगळलीत, गटारात टाकलीत. मी रडायला लागले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "हौस मालकले ऱ्हास, पोरी. आपले काम ऱ्हास." मग गाडी फाटकातून आत घेतलीत.

पताका काढल्या त्याचा मला राग नाही. आपली चूल त्या फाटकाच्या आत पेटत होती, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुमच्याच ओळखीचा एक ड्रायव्हर आरशाला निळी फीत बांधली म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसला होता, हे आईनं मला नंतर सांगितलं. पताका काढायच्याच होत्या. पण हौस मालकाला असते, आपल्याला काम असतं, हे वाक्य कशाला बोललात? "आज नको, पोरी" म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुम्ही तर आपल्या वाट्यातून हौस हा प्रकारच काढून टाकलात, जणू तो आपल्या शरीराला मानवत नाही. ते वाक्य मी किती वर्षं वागवलं. चांगली साडी नको, कामाला जायचंय. फिरायला नको, काम आहे. मुलीनं चित्रकलेचा क्लास मागितला तेव्हा माझ्या तोंडून तुमचं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं, आणि तिचं तोंड बघून मला माझीच शिसारी आली. तिला क्लासला घातलं. आणि त्यानंतरच्या रविवारी मी पलसाण्याला हा ट्रक बघायला गेले. आणि आप्पा, तुम्ही तरी ते वाक्य कुठे पाळलंत? रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी त्या नाकावर तळहात ठेवायचात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ते काय काम होतं? लाल काठ बांधला ते काम होतं? खोटं बोलत होतात तुम्ही. मला तरी खोटं बोलायचं नव्हतं.

रंग निळा दिला. कुठला निळा ते तुम्हाला सांगायला नको. मग पेंटर आला, ट्रकच्या मागे अक्षरं काढणारा. डबे मांडले, ब्रश भिजवला आणि मला विचारलं, "मॅडम, सेठ का नाम बोलो." मी म्हटलं, सेठ मीच. तो हसला, त्याला वाटलं थट्टा करते आहे. भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आई-वडिलांचा आशीर्वाद टाक, ताई. नही ते आप्पानं नाव टाक. गाडी त्यासनीच आठवण शे ना." पेंटर माझ्याकडे बघत थांबला. मी नाही म्हटलं. आप्पा, तुमचं नाव मी टाकलं नाही, हे मुद्दाम कळवते. आशीर्वादही नाही, कारण ह्या गोष्टीला तुमचा आशीर्वाद नव्हता. वर माझं नाव आहे, आणि खाली तुमच्या अंगठ्याएवढ्या जाड अक्षरांत एकच शब्द: हौस. भाऊ त्या दिवशी न जेवता गेला. पुढच्या रविवारी मात्र पॉलिशचा डबा घेऊन आला.

यंदाच्या जयंतीला मिरवणुकीच्या पुढे हीच गाडी होती. मंडळाच्या पोरांना मोठा डीजेचा ट्रक हवा होता. मी म्हटलं, तो मागे घ्या, पुढे ही चालेल आणि चालवणार मी. जड वाहनाचं लायसन्स काढलंय मी, आप्पा. तुमच्यासारखं ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं, खांदे रात्रभर ठणकतात. नाकावर, आरशांना, जाळीवर पताका बांधल्या, ह्या वेळी कापडाच्या. मार्ग मी भांडून ठरवला होता, त्या गोदामावरून जाणारा. वळण आलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बरोबर तिथेच, जिथे तुम्ही गाडी बाजूला घेतली होती. गिअर करकरला, मागून ढोल थांबले, पोरं ओरडायला लागली, "ताई, काय झालं?" काही झालं नव्हतं. मी पहिला टाकला आणि सगळ्या पताकांसकट त्या फाटकासमोरून गेले. हॉर्न दाबून धरायचा, असं कितीतरी महिने ठरवलं होतं. पण आता तिथे कुणा दुसऱ्याचंच साड्यांचं दुकान आहे, मालकाच्या घरचं कुणी नाही. वॉचमन उठून उभा राहिला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला. ज्यांना दाखवायचं होतं त्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. हॉर्न मी तरीही वाजवला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि मी ते कुणाला वाचूनही दाखवणार नाही. जे लिहिलं त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. गाडी माझी आहे, नाव माझं आहे, हौस माझी आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. मिरवणुकीत क्लीनरच्या बाजूला बसायला सगळे धडपडत होते, भाऊसुद्धा. मी कुणालाच बसू दिलं नाही, पुढे वजन नको म्हणून सांगितलं. जुन्या बाजारातून जरीचा लाल काठ शोधून आणला होता, तो सकाळीच त्या बाजूच्या काचेवर दोन खिळ्यांना बांधला होता. मिस्त्रीनं विचारलं, तिथे तर कुणी बसत नाही, मग पडदा कशाला? मी काठाची गाठ घट्ट केली. गाडी सुरू करताना त्या रिकाम्या सीटकडे बघून एकटीच म्हणाले, ऊन लागी तुमले.