निळ्या गळ्याची पाहुणी

४ डिसेंबर, रविवार
मी नऊ वर्षांची असताना दादा म्हणाला होता, "तुला दिसत काही नाही, तुला नुसतं भासतं." समोरच्या छपरावर मोर बसलाय असं मी सांगितलं होतं. निघाली वाळत घातलेली चादर. चादर मोरासारखी होती, हे कोणीच लक्षात घेत नाही.
दादा आता पक्षिमित्र मंडळाची यादी ठेवतो. दर हिवाळ्यातल्या दुर्मिळ पाहुण्यांची यादी वाचनालयात लागते: पक्षी, तारीख, पाहणाऱ्याचं नाव. मंडळात मला अकरा वर्षं झाली. नाव एकदाही नाही.
संकल्प: या हिवाळ्यात यादीत नाव. रोज साडेपाचला उठणे.

५ डिसेंबर
पावणेआठला उठले. पक्षी पावणेआठलाही असतातच.
इमारतीला रंग लागतोय. निळा. सभेत मीच भांडून निवडला. पेंटर ब्रश धुतलेलं पाणी आमच्या बाल्कनीखाली पसरट घमेल्यात ठेवतो. हलव म्हटलं, तर म्हणे, ताई, रंग तुम्हीच निवडलात ना? याचा त्याच्याशी काय संबंध?

७ डिसेंबर, बुधवार, सकाळी ७.५०
दिसली! कठड्यावर. चिमणीएवढी, गळा लख्ख निळा.
पुस्तक, पान ११२: निळकंठी. फार लांबून थंडीत येते. पाणथळ जागी राहते. आमच्या गच्चीवर टाकी आहे. भुवई पांढरी हवी, ती नव्हती. एवढ्या लांबून आल्यावर कोणाची भुवई जागेवर राहते?
फोटो घाईघाईत काढला. फोटोत अंगठा आलाय.
दादाला फोन. म्हणाला, नियम ठाऊक आहे ना, दोन माणसांनी पाहिलेलाच पक्षी यादीत. नियम त्यानेच केलाय. कोणामुळे, तेही मला ठाऊक आहे.

८ डिसेंबर
नवऱ्याला ओढत बाल्कनीत आणलं. त्याने तोंडातला टूथब्रश न काढता सांगितलं, चिमणी आहे. म्हटलं, गळा बघ. म्हणाला, निळ्या गळ्याची चिमणी. म्हटलं, साक्षीदार म्हणून सही कर. तर म्हणे, चिमणी लिही, लगेच करतो.
लग्नाच्या कागदावर बरी न वाचता केली होती.

११ डिसेंबर, रविवार
निळा रंग छातीपर्यंत उतरलाय. तब्येत सुधारते आहे. आवाज: चिव चिव. पुस्तकात आहे की निळकंठी दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करते. काय हुबेहूब करते!
साडेपाचचा संकल्प रद्द. ती येतेच पेंटर कामाला लागल्यावर. दोघांची वेळ कशी जुळते, नवल आहे.

१३ डिसेंबर, मंगळवार
गळा हिरवा!!
पेंटरने कालपासून खिडक्यांच्या चौकटी हिरव्या घेतल्यात. त्या रंगाची छाया पडून भास होतोय का, तेही तपासलं. नाही. मला भास होत नाहीत. थंडीत रंग बदलणारी निळकंठी कुठल्याच पुस्तकात नाही. नोंद करणारी मी पहिली.
ऑफिसात हाफ डे टाकला. दादाला चार पानी पत्र. शेवटची ओळ: रविवारी ये. पक्षी दिसला नाही, तर मी मंडळ सोडते.

१५ डिसेंबर
वहिनीचा फोन. म्हणे, काय लिहिलंस गं त्याला? परवापासून दुर्बीण पुसत बसलाय. भिंगं झिजतील आता.
मला रडूबिडू आलं नाही. रंगकामाची धूळ डोळ्यांत जाते.

१८ डिसेंबर, रविवार, सकाळी १०
दादा साडेसातलाच आला. मफलर, दुर्बीण, यादीची वही. आठ वाजता ती आली. कठड्यावर बसली. दादाने दुर्बीण लावली.
मग ती कठड्यावरून उडाली ती थेट खाली घमेल्यात. पंख फडफडवून मजेत अंघोळ. बाहेर निघाली तेव्हा शेपटीपर्यंत हिरवी. पेंटर खालून ओरडला, ताई, ही तुमची चिमणी रोज पाणी उडवते हो, माझी भिंत खराब होते!
नवरा खोकत आत पळाला.
दादा हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. दुर्बीण बराच वेळ खाली केली नाही. मग एवढंच म्हणाला, रंगीत आहे खरी. माझ्याकडे न बघता चहा घेतला. निघताना खाली जाऊन पेंटरला घमेलं झाकायला लावलं, आणि बाजूला एका कुंडीच्या ताटलीत स्वच्छ पाणी भरून ठेवलं.
मंडळ मी सोडत नाही. पक्षी दिसला नाही तर, असं लिहिलं होतं. दिसला की.

संध्याकाळ
ती ताटलीत दोनदा अंघोळ करून गेली. पाठ तपकिरी दिसायला लागलीय. वरचा हिरवा धुतला गेला, पण गळ्याला आधीचा निळा अजून थोडा आहे. म्हणजे घाई करायला हवी.
दादा नाहीच म्हणणार. चिमणी पाहुणी नव्हे, घरची, असं म्हणेल. पुरता ओळखते मी त्याला. तरी चिठ्ठी पाठवतेच:
"दादा, नियम तुझाच आहे आणि दोन माणसांनी पाहिलंय. वाचनालयातल्या यादीत खाली एक ओळ रिकामी आहे, मी बघून आले. तिथे लिही: चिमणी, गळा निळा, १८ डिसेंबर. पाहणारे: तू आणि मी."