पश्चिमेच्या खिडकीचा सांधा

माकणी,
१२ जून

प्रिय शिवू,

पंधरा दिवसांपूर्वी फोनवर तू विचारलंस, अण्णा, खोलीचं काम झालं का, आणि मी झालं म्हणून मोकळा झालो. झालेलं नव्हतं. मी तेव्हा कटर हातात घेऊन खिडकीपाशीच उभा होतो. दुसरं बाळंतपण खरं तर सासरी व्हायचं, पण तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळं तू पुढच्या महिन्यात इकडं येणार. तुझी गायत्रीही येणार, आणि तिच्या छातीला ओल जराही चालत नाही. त्या खोलीत पाण्याचा एक थेंब आत आला तर काय, या विचारानं माझं कशात लक्ष लागत नाही. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि मला एका दमात बोलायचं धाडस नाही.

आता मात्र काम खरंच झालंय. कसं केलं ते लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल आणि लिहिता लिहिता माझीही पटेल. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन चारही बाजूंनी मुळापासून काढलं. फट ब्रशनं झाडली, स्पिरिटच्या फडक्यानं पुसली, दोन दिवस उन्हावाऱ्यात वाळू दिली. जिथं फट खोल होती तिथं आधी फोमची दोरी दाबून बसवली. दोन्ही कडांना कागदी टेप लावला, सिलिकॉनच्या नळीचं टोक तिरपं कापलं, ती गनमध्ये बसवली आणि गन न थांबता एका हातानं ओढत नेली. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून सगळ्या सांध्यावरून एकदाच फिरवलं, आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप सोडवला. शुभांगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, 'एवढं निरखून तर तुमी लग्नातबी माझ्याकडं बघितलं न्हाय.' तिची चेष्टा रास्त आहे. लोहाऱ्याच्या एका शाळेच्या चाळीस खिडक्या मी सहा दिवसांत उरकल्या होत्या, आणि या एकीला नऊ दिवस घेतले.

पूर्ण वाळल्यावर मोटारीचा पाईप आणला. अव्वाला आत उभं केलं, भिंतीला हात लावून, आणि बाहेरून अर्धा तास पाणी मारलं, आधी खालच्या सांध्यावर, मग बाजूंना, मग वर. आत कोरडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं. तिसऱ्या दिवशी अव्वा वैतागली, 'आता काय धरणाचं पानी आणून वतनार हैस का लेका? कोरडी हाय म्हणते न्हवं का मी.' तरी मला धीर निघत नाही. खालच्या पट्टीला पाणी बाहेर जायची दोन बारीक भोकं असतात. ती माझ्याच हातानं बुजली नाहीत ना, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ काडी घालून बघतो. नव्या सिलिकॉनचा वास गायत्रीला त्रास देईल म्हणून तुम्ही येईपर्यंत खोलीची दारं-खिडक्या उघडीच ठेवणार आहे. पाळणाही या वेळी खिडकीच्या भिंतीला लावायचा नाही.

तुला ती खिडकी बसवली तो दिवस आठवतो का? पहिल्या खेपेला तुला सातवा लागला होता आणि तू नुकतीच आली होतीस. पडल्या पडल्या लेकीला धरणाचं पाणी दिसावं, अशी अप्पांची फार इच्छा. म्हणून गजांची जुनी खिडकी काढून मी ही सरकती बसवली. पुण्याहून काम शिकून आलेलो, ताठा बराच होता. चौकट बसली, स्क्रू आवळले, तेवढ्यात अप्पा लिंगपूजा उरकून विभूती घेऊन आले. नवी वस्तू आली की तीन बोटं ओढल्याशिवाय त्यांना ती घरातली वाटायची नाही. त्यांनी विभूती पाण्यात कालवली आणि चारही कोपऱ्यांवर, चौकटीवरून थेट भिंतीवर, तीन तीन पट्टे ओढले. बरोबर सांध्यावरून. मी मागं गन घेऊन उभा. धूळ, तेल, राख, काहीही असलं तर सिलिकॉन धरत नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर आधी काम होऊ द्या, पूजा मग करा, असं सरळ सांगितलं असतं. इथं विभूती पुसायची, तीही अप्पांच्या देखत, ते माझ्यानं झालं नाही. तसंच वरून सिलिकॉन ओढलं. दिसायला इतकं नीटनेटकं झालं की तू त्यावरून बोट फिरवून माझं कौतुक केलंस.

मग श्रावणात गायत्री झाली. ती बावीस दिवसांची असताना तीन दिवस धरणावरून वारं सुटलं आणि पाऊस आडवा त्या खिडकीवर आदळत राहिला. चौथ्या दिवशी तिला धाप लागली. आपण तिला सोलापूरला नेलं, आणि अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिथल्या व्हरांड्यात तुझ्या सासूबाई बोलल्या ते मी ऐकलंय, 'बाळंतिणीनं पंखा लावून झोपल्यावर दुसरं काय व्हनार? माहेरी लाडच लई.' तू खाली मान घालून उभी होतीस. चार वर्षं तू तेच ऐकते आहेस. पोर खोकली की घरातले आधी तुझ्याकडं बघतात. आणि त्या दिवशी फोनवर तू स्वतःच म्हणालीस, 'अण्णा, त्या खोलीत पंखा नको बसवूस, मागं माझ्याच चुकीनं झालं होतं ते.' फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

शिवू, तुझ्या चुकीनं झालं नाही. तुम्ही दवाखान्यात असताना मी कपडे न्यायला घरी आलो होतो. पाळण्यालगतचं कपाट सरकवलं तर मागची भिंत कंबरेइतकी काळी पडलेली. हात लावला तर ओलीगच्च. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी शिरून भिंतीच्या आतनं खाली उतरलं होतं. मी बुरशी खरवडली, जुन्यावरच नवं सिलिकॉन फासलं, रंग मारला आणि कपाट होतं तिथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल, बुरशी काही आहे का. तू माझ्याकडं बघितलंस, आणि मी नाही म्हणालो. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि नंतर प्रत्येक दिवसागणिक सांगणं आणखी अवघड होत गेलं. त्या ओलीनंच पोर आजारी पडली असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही, पण चार वर्षं सगळा दोष तुझ्यावर राहिला तो मी गप्प बसलो म्हणून.

या खेपेला जुनं सिलिकॉन सोलताना डाव्या कोपऱ्यातली पट्टी एका ओढीत हातात आली. ती भिंतीला कधी धरलीच नव्हती. तिच्या पाठीवर विभूतीचे तीन पट्टे जसेच्या तसे आहेत. गेल्या वर्षी अप्पा गेले, आणि त्यांची बोटं अशी माझ्या हातात आली. पट्टी कागदात गुंडाळून पाकिटात घातली आहे, जपून उघड. अप्पांना बोल लावू नकोस. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी स्वतःच पुसलं असतं. तू ती पट्टी सासूबाईंच्या हातात दे आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव, एक ओळही न गाळता. त्यासाठीच लिहिलंय. त्यानंतर यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, तो हक्क मला राहिलेला नाही. आलीस तर, खोलीत नवा पंखा बसवलाय. हवा तेवढा लाव.

तुझाच,
रुद्रेशअण्णा