तलावातलं पोहणं पोहणंच

१४ नोव्हेंबर २००७
आज न थांबता पोहणं पुरं केलं. मग सायकलनं कट्टा गावातली शाळा, येताना समोरून वारा. धावणं राहिलं. रिसॉर्टचे मॅनेजर अजून तरी शब्द पाळतायत. पाहुणे उठायच्या आत त्यांचा पोहायचा तलाव माझा, बदल्यात त्यांच्या मुलीची गणिताची शिकवणी.

डिसेंबरातल्या ट्रायथलॉनला नाव दिलं. पोहणं ह्याच तलावात, म्हणून तर दिलं. आमच्या घरात होडी बाहेर असताना बाईनं दर्यात गुडघ्यापलीकडे जायचं नाही, आणि मासेमारीच्या हंगामात होडी रोज बाहेर. सासूबाईंना आधीच विचारून घेतलं. म्हणाल्या, "टाकी म्हंजे दर्या न्हय. थंय व्हया तां कर." कायदा त्यांचा, पळवाटही त्यांचीच.

१९ नोव्हेंबर
धाकटे दीर बाबलभावजी आज मजा बघायला तलावावर. "वयनी, दर्या दारात आसा आनि तू टाकीत पवतंस?" म्हणत दिली उडी ठोकून. जन्म दर्यात गेलेला माणूस, तळाला टेकून खोकत वर आला. खाऱ्या पाण्यात अंग आपसूक तरंगतं. गोडं पाणी कुणाला उचलून धरत नाही, आपलं वजन आपणच वाहायचं. घरी सांगू नको म्हणाले. सांगितलं. सासूबाई पोट धरून हसल्या.

२६ नोव्हेंबर
पो. बरं. सा. चढाला दमछाक. धा. बंदरापर्यंत.

सावंतबाईंनीही नाव दिलं. शाळेत शिक्षकखोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतात, कट्ट्याच्याच. लाटेला जाम भितात. इथे तळ दिसतो, काठ हाताला लागतो, म्हणून दोन महिन्यांपूर्वी माझ्याबरोबर उतरल्या आणि चाळिशीत पोहायला शिकल्या. मला स्वतःपेक्षा त्यांचाच जास्त अभिमान वाटतो.

३ डिसेंबर
डोकं फिरलंय. शर्यतीच्या समितीनं पोहणं समुद्रात नेलं. फोटो चांगले येतात म्हणे. मालवणात येऊन तलावात कोण पोहतं, असं समितीचे डॉक्टर म्हणाले. मी गप्प बसले नाही. म्हटलं, तलावात लाट नाही, म्हणजे सबबही नाही, जे काय ते आपल्या दमावर. आणि नंतरची सायकल नि धावणं काय तलावातल्यांना माफ आहे?

डॉ. गोड हसले. "बाई, तलावातलं म्हणजे भातुकली हो. हवं तर तुम्हा बायकांसाठी वेगळी गंमत-शर्यत ठेवू."

गंमत. चहा न घेता उठले. सावंतबाईंनी नाव काढून घेतलं.

९ डिसेंबर
जेवताना हे एकदम म्हणाले, "त्या दिसा होडी काढूचंय नाय. तू जा दर्यात."

सासूबाईंचा वाढता हात थांबला, पण नाही म्हणाल्या नाहीत. ऐन हंगामात होडी वाळूवर ठेवायची, तीही माझ्यासाठी. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही बोलले नव्हते कधी. तरी म्हटलं, "होडी काढा. माका दर्या नको. माझां टाकीतलां पवणां पवणां म्हणान व्हया."

हे भात तसाच टाकून हात धुवायला उठले. वाईट वाटलं असणार. पण मी दर्यात उतरले की डॉ. खरे ठरले, आणि सावंतबाई घरी बसल्या त्या बसल्याच.

१४ डिसेंबर
डॉ.ना जाऊन सांगितलं. तिकडे शिट्टी झाली की इकडे मी तलावात. अंतर तेवढंच. मग सायकलनं कट्ट्याच्या रस्त्यावर गाठीन सगळ्यांना. म्हणाले, तुमचा नंबर धरता येणार नाही. म्हटलं, नका धरू. रोज त्याच रस्त्यानं शाळेत जाते, तिथे मला कोण अडवतं ते बघतेच.

सावंतबाईंच्या कानावर घातलं. "बघतंय," एवढंच म्हणाल्या.

१६ डिसेंबर, पहाट
हे आठवडाभर कामापुरतंच बोलतायत. आज होडी घेऊन गेले, नेहमीसारखे. दारातून वळून म्हणाले, "सांभाळून पव." मग सासूबाईंनी मला पेज वाढली, ती मी सगळी प्यायले.

तलावावर बसून लिहितेय. पाणी गार. सावंतबाई आल्यात. साडी नेसून. काठावर बसून पाय पाण्यात सोडलेत. उतरणार का, मी विचारलेलं नाही.

किनाऱ्यावरून कर्ण्यावर डॉ.चा आवाज येतोय, नावं पुकारतायत. माझं त्यात नाही. वही ठेवते आता, शिट्टी होईल.