अक्का, दुखतंय म्हणायचं होतंस

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला लिहायचं धाडस झालं नव्हतं. आज झालं, ते आपल्या गावच्या सरूबाईमुळं.

कमलनगरला माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत ती गुडघा धरून आली. मी काही सांगायच्या आधीच पाय लांब करून बसली. डोक्यावरच्या ओझ्याखाली घेतात ती चुंबळ पिशवीतून काढली, गुडघ्याखाली सारली आणि गुडघा खाली दाबून मांडी आवळली. "धा मोजायचे, मग सोडायचं. व्हय न्हवं?"

"कुणी शिकवलं?"

"तुझ्या अक्कानं. खुरपायला बसायच्या आधी आमच्या समद्यांकडून करून घ्यायची."

मला हे ठाऊकच नव्हतं गं!

आठवतं, माझ्या शेवटच्या वर्षाला तुला कलबुर्गीला कॉलेजात नेलं होतं? कोणत्या व्यायामात मांडीचा स्नायू किती काम करतो, हे मला मोजायचं होतं. आई गेल्यावर खुरपणी करून तू मला शिकवलंस, आणि अभ्यासाला दुखरा गुडघाही तूच दिलास! तुझ्या मांडीवर तारांच्या चकत्या चिकटवल्या. खुर्चीत बसून तू पाय सरळ केलास, तशी पडद्यावरची रेघ उड्या मारायला लागली. "अगं बया, माझी मांडी बोलायली की!" किती हसलीस!

मग भिंतीला पाठ टेकवून तुला अर्धं खाली बसायला लावलं. रेघ एकदम खाली आली. मला वाटलं, तू जोरच लावत नाहीस. "अक्का, नीट बस की! कामून अंग चोरायलीस?" सगळ्यांसमोर बोलले. तू पुन्हा बसलीस. पुन्हा. पाच वेळा.

मॅडम आल्या. रेघ बघून म्हणाल्या, "गुडघा फार दुखला की मांडी अशीच ढिली पडते. थांबव तिला."

बाहेर बाकावर तू गुडघा चोळत होतीस.

"सांगितलं कामून न्हाईस?"

"तुझा अभ्यास बिघडला असता, सुमे."

असं कुणी करतं का? मला तुझाच राग आला. माफी मागायची सोडून मी आकडे उतरवत बसले. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून मांडी आवळायचा व्यायाम तुला मॅडमनीच दिला, तेवढाच तुला न दुखता जमत होता. दोन महिन्यांनी तू कुणाचा हात न धरता बसमधून उतरलीस. तेव्हाही मी नुसतीच हसले. पुढं तीन दिवसांच्या तापात तू गेलीस, आणि माफी राहिली ती राहिलीच.

अक्का, आता एक शब्द देते. दर रविवारी, बायका रानात निघायच्या आधी, त्यांचे गुडघे बघायला गावात येईन. "काही न्हाई, बरं हाय" असं कुणी म्हणालं, तर तेवढ्यावर भागवणार नाही. खरं सांगेपर्यंत तिच्याजवळ बसून राहीन.

'दुखतंय का' हे तुला एकदाही न विचारलेली,
तुझी सुमी