कोपऱ्यातला शहाण्णवावा थेंब

२ जून, सोमवार. विल्नियस.
निवृत्तीला अठ्ठावीस दिवस. संकल्प: जाण्याआधी आमच्या ताकातल्या जंतूच्या समुद्रघोड्याचा स्फटिक काढायचा. विषाणू एकदा छळून गेला की हा जंतू त्याचा तुकडा स्वतःच्या गुणसूत्रात टाचून ठेवतो. तोच पुन्हा आला की अकरा प्रथिनांची एक जोडणी त्याला त्या तुकड्यावरून ओळखते. ती समुद्रघोड्यासारखी दिसते म्हणे. स्फटिक आला तर क्ष-किरणांत तिचं रूप दिसेल.
त्या जोडणीच्या द्रावणाचे शहाण्णव थेंब प्लेटवर मांडले; मीठ-पाणी जमलं तर थेंब आटता आटता स्फटिक धरतो. पंच्याण्णव छापील कृतीने, कोपऱ्यातला शेवटचा माझ्या मनाने. आमच्या लॅबची प्रमुख ऑस्तेया (वयाने माझ्या लेकीहून लहान) म्हणाली, "काका, मापं लिहा हं." म्हटलं, "पोरी, चाळीस वर्षं मीठ हाताच्या अंदाजानेच घालतोय."
दुपारी बीटाचं गार सार. अर्धा लिटर ताक, दोन बीट, अर्धी काकडी, दोन अंडी, मूठभर शेपू. फक्कड!

५ जून
संकल्प: आठवडाभर फ्रीजमधल्या प्लेटला हात लावायचा नाही. हलवलं, ऊब लागली की बिघडतं.
११.०० – एकदाच पाहिलं. नुसतं पाणी.
११.४० – पुन्हा पाहिलं. मघाशी चष्मा पुसला नव्हता.

१२ जून
नव्वद थेंबांत चोथा. दोष हवेचा. ऑस्तेया म्हणाली, "काका, रोज उकरून पाहिलं तर बटाटा तरी उगवेल का?" म्हटलं, मी नुसती विचारपूस करतो.

२३ जून
उद्या योनिनेस, भर उन्हाळ्यातला शेकोट्यांचा सण, लॅब बंद. जरा डोकावून येणार होतो, पण गेनोवाइतेने किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. "चाळीस सण त्या फ्रीजपाशी काढलेत. यंदा शेकोटीपाशी बसायचं." बायकोपुढे शहाणपण चालत नाही.

२५ जून
स्फटिक! एकच, पण हिऱ्यासारखा. कोपऱ्यातला. माझा!! काल दिवसभर कुणी पाहिलं नाही तेव्हा आला, हा योगायोग. ऑस्तेया गळ्यात पडली, मग विचारलं, "कशात वाढला?" म्हटलं, सगळं डोक्यात आहे. संध्याकाळी स्फटिक हॅम्बुर्गला क्ष-किरणांकडे रवाना. उरलेला थेंब झाकायचा राहिला. सुकला. असू दे.

३० जून, शेवटचा दिवस
९.३० – हॅम्बुर्गचा निरोप. शेपटी दिसली, डोकं नाही. तेवढ्यात किरणांनी स्फटिकच करपला. अगदी त्याच मापाचा दुसरा हवा.
१०.१५ – माप आठवतंय. बहुतेक.
१२.०० – आठवत नाही.
२.०० – ऑस्तेया रागावली नाही. तेच जिव्हारी लागलं. एवढंच म्हणाली, "काका, तुमचा जंतूसुद्धा टाचून ठेवतो हो."
मग ही वही आठवली. धावत आणली, २ जून उघडलं. ऑस्तेयाने मोठ्याने वाचलं: ताक, बीट, काकडी, अंडी, शेपू. शेवटपर्यंत वाचून तिने माझ्याकडे पाहिलं.
"आणि मीठ किती?"
तेही लिहिलेलं नाही.